मुरुडच्या मुलीच्या फोटोखालची जाहिरात

"मॅडम, तुम्ही माझ्या साइटवर ही काय घाण टाकून राहिल्या?"

सकाळी ऑफिसचं शटर वर केलं आणि गिरिजाक्कांचा फोन आला. अक्का एरवी मला नावानं हाक मारतात, 'अगं स्वाती' म्हणतात. 'मॅडम' आणि 'तुम्ही' सुरू झालं की समजायचं, प्रकरण पेटलंय.

मी लातुरात वेबसाइट बनवते. औसा रोडला एका खोलीचं ऑफिस आहे. क्लासवाले, दवाखाने, डाळ मिलवाले, जो येईल त्याची साइट करून देते आणि पुढं ती सांभाळते. गिरिजाक्का समाजाचं वधू-वर केंद्र चालवतात. आमच्या भागातल्या लिंगायत घरांतली कितीतरी लग्नं अक्कांच्या हातानं जमली. मी त्यांना साइट करून दिली: नाव, गाव, शिक्षण, फोटो. बघायला पासवर्ड लागतो, तो अक्का देतात. साइटवर जाहिरात एकही नाही. तो त्यांचाच हट्ट होता. "लेकीबाळींचे फोटो हायत. तिथं साबणाची जाहिरात बी नको," असं त्यांनी पहिल्यालाच बजावलं होतं.

"कसली घाण, अक्का?"

"फोटो धाडलाय. बघा आन् मग बोला."

बघितला. कुणीतरी आमच्या साइटचा स्क्रीनशॉट काढला होता. मुरुडच्या ऐश्वर्याचं पान. साडी नेसून, घरासमोर उभी राहून काढलेला साधा फोटो. आणि त्याला चिकटून खाली एक पट्टी. पट्टीत अर्धेमुर्धे कपडे घातलेली बाई, बाजूला मजकूर: 'एकटे आहात? जवळच्या मुलींशी आत्ताच व्हिडिओ कॉलवर बोला.' खाली हिरवं बटण. पट्टी अशी बसली होती, की बघणाऱ्याला ते बटण ऐश्वर्याच्याच फोटोचं वाटावं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अक्का, हे आपलं नाही."

"आपलं न्हाई तर कुणाचं? साइट आपली, पोरगी आपली, पान आपलं!"

मग त्यांनी सगळं सांगितलं. ऐश्वर्याचं अहमदपूरच्या मन्मथअप्पांच्या मुलाशी जमलं होतं. बघणं झालं, बैठक झाली, सुपारी फोडायचा दिवस ठरला. सुपारी फुटली म्हणजे आमच्याकडं लग्न पक्कं. अप्पा बहिणीला होणाऱ्या सुनेचा फोटो दाखवायला गेले आणि फोटोखाली ही बाई निघाली. अप्पांनी सरळ निरोप धाडला: जिचा फोटो असल्या जागी आहे, ती पोरगी आमच्या उंबऱ्याच्या आत नको. ऐश्वर्याच्या वडिलांचं मुरुडला किराणा दुकान आहे. सरळ माणूस. ते अक्कांना फोन करून रडले होते.

"सोयरीक मोडली तर दुसरी बघू," अक्का म्हणाल्या. "पर लोक इचारतील, का मोडली म्हणून. काय सांगायचं त्या बापानं?"

मी कामाला लागले.

आमच्या धंद्यात पहिला नियम, आधी स्वतःच्या घरात बघायचं. साइट हॅक झाली असेल, तर चूक माझी. मी एकेक फाइल उघडली. माझ्याकडं ठेवलेल्या मूळ प्रतीशी ताडून बघितली. पासवर्ड बदलले. अक्षराचाही फरक नव्हता. माझ्या फोनवर पान उघडलं, स्वच्छ. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उघडलं, स्वच्छ. अक्कांच्या केंद्रातल्या कॉम्प्युटरवरही स्वच्छ.

"माझ्याकडं तर दिसत नाही," असं मी अक्कांना फोनवर म्हटलं आणि म्हणताक्षणी जीभ चावली. हे वाक्य ऐकून गिऱ्हाईक जेवढं चिडतं, तेवढं दुसऱ्या कशानं चिडत नाही.

"म्हंजी लोक खोटं बोलून राहिले का? उदगीरच्यांनी बी बघितलं, निलंग्याच्यांनी बी बघितलं. सगळ्यांच्या डोळ्याला रोग झाला?"

बरोबर होतं त्यांचं. एकाला दिसलं असतं तर गोष्ट वेगळी. इथं बरेच लोक सांगत होते आणि सगळे अक्कांच्याच केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधले.

मग मी साइटला एक नियम लिहून दिला. तो असा असतो: ह्या पानावर चित्र, अक्षर, जे काही येईल ते फक्त आमच्याच जागेवरून येऊ दे, बाहेरचं कुणी घुसायला लागलं तर अडव आणि मला कळव. ब्राउझर, म्हणजे ज्याच्यातून आपण साइट बघतो ते ॲप, हा नियम पाळतो. नियम लावला आणि दुपारपर्यंत निरोपांचा पाऊस पडला. कुठल्या कुठल्या परदेशी पत्त्यांवरून चित्रं आमच्या पानात शिरू बघत होती. मी ती मागवली नव्हती. माझ्या साइटवरून ती निघतही नव्हती. म्हणजे पान माझ्याकडून स्वच्छ जात होतं आणि बघणाऱ्याच्या फोनमध्ये पोचल्यावर कुणीतरी त्याला ही घाण चिकटवत होतं.

ह्याला ॲडवेअर म्हणतात. दुसऱ्याच कुठल्या कामाचं सोंग घेऊन फोनमध्ये शिरतं आणि तुम्ही जे बघाल त्याच्यावर जाहिराती डकवत बसतं. पैसे त्याला मिळतात. शिव्या साइटवाल्याला.

माझ्या नियमानं पट्ट्या थांबल्या. पण अख्खा स्क्रीन झाकून वर येणाऱ्या जाहिराती, ज्यांना पॉप-अप म्हणतात, त्या चालूच राहिल्या. त्या पानाच्या आत नसतातच, पानाच्या वर बसतात. तिथं माझं काही चालत नाही. कुठलं ॲप हे करतंय, ते फोन हातात घेतल्याशिवाय कळणार नव्हतं.

"अक्का, अहमदपूरला जाऊ. अप्पांचा फोन बघायचाय."

"ते तुम्हाला दारात उभं करायचे न्हाईत."

"मग दाराबाहेरून बोलते. चला."

मन्मथअप्पांची मार्केट यार्डात आडत आहे. आम्ही पोचलो तेव्हा तुरीची पोती उतरत होती. अप्पा गादीवर बसले होते, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. दारात उभं केलं नाही. खुर्च्या दिल्या, चहा सांगितला. माणूस रागावलेला होता, पण रीत सोडणारा नव्हता.

मी घाईनं मुद्द्यावर आले आणि तिथंच घोटाळा केला.

"अप्पा, ती जाहिरात आमच्या साइटवर नाही. ती तुमच्या फोनमध्ये आहे."

मुनीमजींनी मान वर केली. पोतं उचलणारे दोघं थांबले.

"आसं?" अप्पा हळूच म्हणाले. "म्हंजी मी ह्या वयात तसलं बघून राहिलो, आसं म्हणायचंय तुमाला? सगळ्यांच्या म्होरं?"

"तसं नाही म्हटलं मी…"

"मग कसं म्हणल्या?"

'ती तुमच्या फोनमध्ये आहे', हेच ते वाक्य. साइटवाल्यांना म्हणूनच ह्या रोगावर बोलता येत नाही. खरं सांगितलं की समोरच्याला वाटतं, आपल्या चारित्र्यावर बोट ठेवलं. लोकांचा पक्का समज आहे, की आपण जे बघतो त्याच्याच जाहिराती येतात. मग मान्य कोण करणार?

अक्कांनी सावरलं. "अप्पा, ती लेकरासारखी हाय. बोलायचं एक आन् बोलली एक. तुम्ही काय तसले हाव का?"

"मी तसला न्हाई म्हणून तर हे आल्याबरोबर सगळ्यांना दाखवलं," अप्पा म्हणाले. "बहिणीला धाडलं. जावयाला धाडलं. सोयऱ्यांच्या ग्रुपवर टाकलं. उद्या कुणी आमाला बोट लावाया नको."

मी कप खाली ठेवला.

"ग्रुपवर टाकलं? तिच्या फोटोसकट?"

"फोटोबिगर कसं कळंल?"

"अप्पा, तिच्या वडिलांना एक फोन करायला काय झालं होतं तुम्हाला? एक फोन! पोरगी तुमच्याच घरानं पसंत केलेली. तिचा असला फोटो तुम्ही सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत वाटत सुटलात?"

अक्कांनी माझं मनगट धरलं. चांगलं जोरात धरलं.

मी हात सोडवून घेतला आणि माझा फोन अप्पांसमोर ठेवला. "ह्याच्यावर ऐश्वर्याचं पान उघडलंय. बघा."

त्यांनी बघितलं. वर-खाली सरकवलं. काहीच नव्हतं.

"तुमी तुमच्यातनं काढून टाकलं असंल."

"बरं. मग तुमचाच फोन घ्या. मी हातही लावत नाही. आमची साइट बघूच नका. तुम्ही रोज फोनवर काय बघता?"

"मठाची साइट. सकाळी महाराजांचं प्रवचन असतंय."

"तीच उघडा. ग्रुपवर लिंक येते ना? त्यावरूनच उघडा."

अप्पांनी चष्मा लावला. लिंक दाबली. मठाचं शिखर दिसलं. महाराजांचा फोटो आला. आणि त्या फोटोच्या खाली, तीच बाई. तेच बटण. जवळच्या मुलींशी बोला.

"शिव शिव शिव!" अप्पांनी फोन गादीवर पालथा घातला. मुनीमजी खोकायला लागले. हमालांपैकी एकाला हसू आवरेना, तो पोतं घेऊन बाहेर पळाला.

"आता महाराजांनाही विचारायचं का अप्पा, ही घाण का टाकली म्हणून?"

हे मी म्हणायला नको होतं. पण म्हटलं, आणि मला त्याचं आजही काही वाटत नाही.

अप्पांनी फोन उलटा करून माझ्या हातात दिला. सेटिंगमध्ये जाऊन बघितलं, तर रोग सापडायला वेळ लागला नाही. बायोडाटा सजवायचं एक ॲप होतं. नाव-गाव-शिक्षण भरायचं, फुलांची चौकट निवडायची, वर शिवलिंग लावायचं, की झोकदार बायोडाटा तयार. आमच्याकडं वर देव आणि भोवती चौकट नसेल तर बायोडाटा अर्धवट वाटतो, तेवढं त्या ॲपवाल्यांनी बरोबर ओळखलं होतं. पण ह्या ॲपनं आणखी दोन परवानग्या घेतल्या होत्या. एक, कुठल्याही स्क्रीनच्या वर येऊन बसायची. दुसरी, कुठलीही लिंक दाबली की ती ह्याच्याच पोटात उघडायची. बायोडाटा करणाऱ्या ॲपला हे कशाला पाहिजे?

"अप्पा, हे विचारत होतं तेव्हा तुम्ही 'हो' दाबलं?"

"हाव म्हणलं. हाव म्हणल्याबिगर म्होरं जाऊच देत न्हाई की."

खरंच आहे. ह्याला आमच्या धंद्यात संमती म्हणतात. कसली संमती? दरवाजा अडवून उभं राहायचं, माणूस वैतागून मान हलवेपर्यंत हलायचं नाही, आणि मग म्हणायचं, ह्यांनीच परवानगी दिली. प्ले स्टोअरवर त्या ॲपखाली तारेच तारे, 'खूप छान', 'एक नंबर'. मी पुढं त्याची तक्रारही केली. ठरीव साच्याचं उत्तर आलं, आभार मानणारं. ॲप आहे तिथंच आहे.

"हे तुमच्या फोनमध्ये टाकलं कुणी?" मी विचारलं. मला वाटलं, मोबाइलच्या दुकानदाराचं नाव येईल.

अप्पांनी अक्कांकडं बघितलं. "अक्कांनीच तर ग्रुपवर धाडलं. 'समद्यांनी बायोडाटा ह्याच्यातच करून पाठवा' म्हणल्या. पोराचा ह्याच्यातच केला की आमी."

अक्कांनी आपल्या फोनवर तो जुना निरोप शोधून बघितला; तिथंच होता.

म्हणून फक्त आमच्याच लोकांना दिसत होतं. ज्या ग्रुपमधून आमच्या साइटला माणसं येत होती, त्याच ग्रुपमधून हा रोग गेला होता. आणि वाटणारी, साइटची मालकीण स्वतः.

परतताना एसटी स्टँडच्या बाकावर टेकल्यावर अक्का म्हणाल्या, "भाचीनं धाडलं होतं. मी उघडून बी बघितलं न्हाई, स्वाती. लोक वहीच्या पानावर लिहून त्याचा वाकडातिकडा फोटो काढून पाठवायचे. म्हणलं, ह्याच्यात तरी सुबक दिसंल."

मला त्यांची दया आली. पण पुढचं ऐकून ती गेली.

"तू ग्रुपवर लिही, जाहिरात आमी काढून टाकली म्हणून. माझं नाव नको त्यात. केंद्राची इज्जत जाईल."

"मी काढली म्हटलं, की आधी मीच लावली होती असं झालं."

"कोण एवढा इचार करतंय?"

"मी करते! आणि त्या मुरुडच्या माणसानं लोकांना काय सांगायचं? साइटवर जाहिरात होती, आता काढली? म्हणजे त्याची पोरगी तशा साइटवर होतीच, असंच ना? अक्का, तुमची इज्जत वाचवायला तिची जाऊ द्यायची का?"

शेजारी बसलेली माणसं बघायला लागली. बघू देत. अक्कांनी पदरानं तोंड पुसलं. एसटी लागली तरी त्या उठल्या नाहीत. मग त्यांनी पिशवीतून फोन काढला, ग्रुप उघडला आणि तिथंच बाकावर बसून बोलल्या.

"मी गिरिजाक्का बोलून राहिले. बायोडाटाचं ते ॲप मीच धाडलं होतं, न बघता. त्याच्यातनं तुमच्या फोनवर घाणेरड्या जाहिराती यायलेत. साइटवर एकबी जाहिरात न्हाई. मुरुडच्या पोरीचा काही दोष न्हाई. चूक माझी हाय. ॲप आधी काढून टाका. जमत न्हाई त्यांनी केंद्रात या, मी काढून देते."

पाठवल्यावर मला म्हणाल्या, "तुला ॲप काढायचं शिकवावं लागंल मला. मला कुठं येतंय?" तेव्हा मला त्या दिवसातलं पहिलं हसू आलं.

साइटवर मी दोन गोष्टी केल्या. आत शिरल्याबरोबर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ह्या साइटवर एकही जाहिरात नाही, दिसली तर ती तुमच्या फोनमधल्या एखाद्या ॲपनं चिकटवली आहे, तुमची त्यात काही चूक नाही. शेवटचं अर्धं वाक्य मुद्दाम. अप्पांच्या गादीसमोर बसून ते शिकले होते. दुसरी गोष्ट, फोनमधलं ॲप जेव्हा आपल्या पोटात साइट उघडतं, तेव्हा बहुतेक वेळा स्वतःचं नाव सांगतं. ते नाव दिसलं की साइटनं फोटो द्यायचेच नाहीत. फोटोच्या जागी ते ॲप कसं काढायचं ते पायरीपायरीनं, चित्रांसकट.

अक्का घाबरल्या. "गिऱ्हाईक माघारी जाईल गं. फोटो न्हाई म्हणल्यावर कोण थांबतंय?"

"ज्याला सून बघायचीय तो थांबतो," मी म्हटलं.

फोन मात्र भरपूर आले. 'फोटो दिसंना.' 'काढू कसं?' 'आमचा बायोडाटा पुसला जाईल का?' एकानं मला सरळ दम भरला, की माझ्या फोनमध्ये डोकावलातच कशा. त्याला मी तितकाच सरळ दम भरला. पण लोकांनी ॲप काढलं. तक्रारी थांबल्या.

मन्मथअप्पांचाही अक्कांना फोन आला. झालं गेलं गंगेला मिळालं, सुपारी ठरल्या दिवशीच फोडू. अक्का पेढे घेऊन माझ्या ऑफिसात आल्या. पेढा तोंडात असतानाच मी विचारलं, "अप्पांनी ज्यांना ज्यांना तो स्क्रीनशॉट पाठवला, त्यांना खुलासा पाठवला का?"

"मी म्हणलं त्यांना. ते म्हणले, आता जुनं कशाला उकरायचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी एक मुलगी दारात उभी राहिली. फोटोतल्यापेक्षा बारीक होती. ऐश्वर्या. फार्मसी शिकलेली, लातुरातच एका मेडिकलवर काम करते. जेवणाच्या सुट्टीत आली होती. बस म्हटलं तर बसली नाही.

"मॅडम, दोनच गोष्टी विचारायच्यात. ते ॲप स्क्रीनशॉट काढतं का?"

"नाही."

"आपोआप कुणाला फॉरवर्ड करतं?"

प्रश्न कुणाकडं चालला होता, ते मला कळलं होतं.

"नाही. ते माणूसच करतो."

"मुलगाही सोयऱ्यांच्या त्याच ग्रुपमध्ये आहे," ती म्हणाली. "त्यानंही बघितलं असेल. माझा नंबर त्याच्याकडं बैठकीपासून आहे. एक शब्द विचारला नाही त्यानं." मग ओढणी नीट करून म्हणाली, "बास. थँक्यू, मॅडम."

संध्याकाळी तिनं वडिलांना नाही म्हणून सांगितलं. ते दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मग त्यांनी स्वतःच अहमदपूरला फोन लावला आणि सुपारीचा दिवस रद्द केला. अप्पांना म्हणे फार आश्चर्य वाटलं. मुलीकडच्यांनी मोडायचं कारणच काय, असं ते अजून विचारत असतात.

अक्का माझ्यावर उखडल्या. "हाव, ॲपच धाडतंय, आसं म्हणली असतीस तर काय बिघडलं असतं गं तुझं? जमलेलं लगीन मोडलंस."

"फोटो तिचा होता, अक्का. तिला खोटं सांगायचा हक्क मला नव्हता."

त्यांना ते पटलं नाही. पण 'मॅडम' म्हणाल्या नाहीत.

साइट चालवणाऱ्या सगळ्यांना मी आता हेच सांगते. तक्रार आली की आधी आपलं घर तपासा. साइट साफ निघाली तर तसं ठळक लिहा. बघणाऱ्याला चोर ठरवू नका, त्याला रोग दाखवा आणि काढायचा कसा ते शिकवा. आपण स्वतः वापरलं नाही ते ॲप गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारू नका. साइटवाल्याच्या हातात एवढंच आहे. ऐश्वर्याच्या पानावर आता कुठल्याही फोनवर जाहिरात येत नाही. तो स्क्रीनशॉट मात्र अजून सोयऱ्यांच्या ग्रुपमध्ये तसाच आहे. टाकणाऱ्यानं तो काढलेला नाही आणि तो काढायचं बटण माझ्याकडं नाही.